उणे सात

ओहोटी पहाटे चारला लागते, मग झोपेला कोण विचारतं.
होडीत आम्ही नऊ जणी. पूर्वी दोन होड्या भरायच्या.
एउडोसिया नारळाचं सोडण पेटवते,
धुराने डास पळतात आणि जिभा सैल होतात:
कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, मिठाचा भाव.
कांदळाच्या मुळांशी आलो की सगळ्या गप्प.
चिखलात बोलायचं ते बोटांनी.

माझ्या आईचा हात मनगटापर्यंत जायचा
आणि मूठ भरून वर यायचा.
माझा, लग्नाच्या वर्षी, कोपरापर्यंत.
आता खांदा टेकतो, गाल टेकतो,
एक कान चिखलाला देऊन मी मुळांच्या जाळीत आडवी,
आणि खाली, जिथे गारवा असायचा,
तिथे तापलेल्या पोराच्या काखेसारखं लागतं.

काळी शिंपली डोळ्यांना सापडत नाही.
ती आधी नखाला कळते: एक कड,
मिटून घेतलेला एक नकार.
बेडूकमासाही तिथेच राहतो, काट्यासकट.
त्याचं ते बिऱ्हाड, उपरी मी.
मागच्या महिन्यात त्याने मला हे समजावलं,
तीन दिवस करंगळी माझी नव्हती.

पलीकडे बांध आहे. बांधापल्याड कोळंबीची तळी,
चौकोनी, एकाला एक खेटून, शाळेच्या वहीसारखी.
तिथे आमच्या वाटा होत्या पाण्यातल्या:
पेत्रोनाची वाट, दोघी बहिणींची वाट,
एक नुसतीच ‘इथे होडी उलटली ती’.
आता पहारेकरी आहे, बंदूक आहे, कुत्री आहेत.
कुत्री मला ओळखतात,
मी त्यांना माशांची डोकी टाकते.
ज्या रात्री तळं उपसून खाडीत सोडतात
त्या रात्री वाऱ्याला औषधाचा वास येतो,
आणि सकाळी शिंपल्या उघड्या सापडतात,
दार लोटायचं विसरून कुणी घाईत निघून गेल्यासारख्या.

यादिरा, माझी मुलगी, त्याच कोळंबीची डोकी मोडते
ग्वायाकिलला, बर्फात उभी, रात्रपाळीला.
तिच्या पैशाने घरावर नवा पत्रा आला.
तेव्हा शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
पाऊस पडला की पत्रा छान वाजतो.

दुपारी वाळूवर मोजणी. शेकड्याचा भाव.
अल्सिबियादेस मोडका शेकडा घेत नाही,
घेतला तर पडेल भावाने घेतो.
पत्र्याचं माप दिलंय आम्हाला, खाच असलेलं,
खाचेतून निसटली ती लहान, ती चिखलाची.
माझ्या भरल्या त्र्याण्णव.
आणि सात निसटल्या,
नखाएवढं कमी, कसम,
एका पावसाळ्यात भरल्या असत्या.

एउडोसिया म्हणाली, टाक पोत्यात, तो काय मापतोय.
खरंच, तो मापत नाही. तो फक्त मोजतो.
मी साती परकराच्या ओच्यात घेतल्या,
लघवीला जाते म्हणाले
आणि मुळांच्या खाली, ढोपर बुडेल इतक्या आत,
एकेक खोचून आले. आशीर्वाद वगैरे काही दिला नाही.
एवढंच म्हटलं: खाली जा. अजून खाली.
माझा हात पोचणार नाही इतक्या.

अल्सिबियादेसने वहीत लिहिलं, उणे सात.
पुढच्या ओहोटीला फेड, म्हणाला.

रात्री यादिराचा फोन.
तिची बोटं बर्फाने पांढरी पडलीत, म्हणते,
सुरकुतलीत, वास जात नाही लिंबानेही.
मी माझी बोटं पाहिली, काळी, कितीही घासा.
दोघींच्या नखांत एकच खाडी.
‘किती निघाल्या आज?’ तिने विचारलं.
‘शंभर,’ म्हटलं मी. ‘वर सात.’